नाव द्यायची पाल

दारातल्या फणसाच्या खोडावर आज नुसती साल दिसते. परवापर्यंत तिथं एक पाल असायची. शेपटी वाळक्या पानासारखी चपटी, अंग सालीच्याच रंगाचं. माझ्याखेरीज कुणाला दिसायची नाही. मी तिसरी नापास, पण माझ्या झाडावर काय राहतं ते मला पुस्तकानं सांगायला नको.

पालींचा अभ्यास करणारी एक मुलगी तीन दिवस हिंडून रिकामी परत निघाली होती. "पोरी, डोळे घरी ठेवून आलीस काय?" म्हणत मीच ऐटीत बोट दाखवलं. तिनं पाल अलगद धरली, भिंगातून बोटांखालचे खवले मोजले आणि हरखलीच.

"आजोबा, ही कुठल्याच जातीत बसत नाही. नवीन आहे!"

"नवीन कसली? माझी म्हातारी होती तेव्हापासून आहे. सोड आता."

ती घुटमळली. "नाव द्यायचं तर एक नमुना मारून बाटलीत ठेवावा लागतो. तुम्ही नको म्हणालात तर सोडते."

जगानं न पाहिलेलं मी दाखवलं, हा ताठा आडवा आला. म्हटलं, "ने."

बायकोला मी जन्मभर 'अगं' म्हटलं. तिचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं ते मृत्यूचा दाखला काढताना, कारकुनासमोर. नाव लागतं ते बहुधा गेलेल्यालाच. असतं त्याला हाक पुरते.

खोडावर दुसरी पाल असेलही. मी निरखून बघत नाही. दिसली तर कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवायचं नाही.