हद्दीतला उजेड

नांदेडच्या बलदियानं, म्हणजे निजामाच्या वेळच्या नगरपालिकेनं, आमचं शेत शहराच्या हद्दीत घेतलं. त्या राज्यात अर्ज न करता मिळालेली ही एकच गोष्ट. वडील नळाची आणि पक्क्या सडकेची वाट बघत बसले. आधी आली कराची पट्टी. मग खळ्यात, जिथं मळणीचे बैल फिरायचे तिथंच, दिव्याचा खांब उभा राहिला आणि त्याच्यामागून बलदियाचा दिवे लावणारा आला.

रोज दिवेलागणीला यायचा. अंगात सरकारी कोट, पाय अनवाणी. शिडीवर चढून काच पुसायचा, दिवा लावायचा, मान तिरपी करून ज्योत न्याहाळायचा आणि फुंकर मारून विझवायचा.

"अहो, विझवता कशाला?" मी एकदा विचारलं.

"लावायचा हुकूम हाय. जळत ठेवायचा न्हाई."

मग अंधारात पायानं पायरी चाचपत उतरायचा. एकदा पडता पडता वाचला. वडिलांना दया आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचा कंदील त्याच खांबाला टांगला. त्या उजेडात तो ऐटीत उतरला, शिडी खांद्यावर घेतली आणि कंदिलाकडे बोट दाखवून वडिलांना म्हणाला,

"मालक, इजाजत घेतली का? खांब बलदियाचा हाय."