नाकातले शिसे

विमानाची प्रतिकृती तिच्या तीन चाकांवर नीट उभी राहायची असेल, तर तिच्या नाकात वजन घालावे लागते. ज्या विमानाचे लहान चाक शेपटीखाली असते त्याला ही गरज नसते. ज्याचे लहान चाक नाकाखाली असते, त्याची लाकडी प्रतिकृती मात्र मागे जड होते आणि बैलगाडी उलार व्हावी तशी शेपटीवर बसते. मी हे वजन शिशाचे देत असे. नाकाच्या पोटात खालून भोक कोरायचे, भोई लोकांच्या जाळ्याला असतात तसले शिशाचे मणी त्यात बसवायचे आणि लाकडाची खुंटी ठोकून तोंड बंद करायचे. रंग दिल्यावर आत काही आहे हे कोणाला कळत नाही.

हे आधी सांगण्याचे कारण असे की पुढे जे घडले ते या शिशामुळे घडले, आणि ते घडत असताना मला त्याचे कारण पूर्णपणे माहीत होते. कारण माहीत असले की धक्का कमी बसतो, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली.

मी बुलढाण्याचा, शिक्षकाचा मुलगा. महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षे झाली होती, तेव्हा माझी नेमणूक जानेफळच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला झाली. एका शेतकरी कुटुंबाच्या घरात पुढची खोली मला भाड्याने मिळाली. घरात दोघेच होते. त्यांना सारे गाव बाबा आणि माय म्हणे, मीही तेच म्हणू लागलो. एकुलता एक मुलगा हवाई दलात होता. मालवाहू विमानातून डोंगरावरच्या ठाण्यांना धान्य पोहोचवायचे काम त्याच्याकडे होते. विमान उतरायला तिथे जागा नसते, म्हणून पोती छत्र्या बांधून वरूनच सोडावी लागतात.

"बापानं जमिनीत पेरलं, हा आभायातून पेरून राह्यला," बाबा म्हणत. "पीक कोनाच्या घरात जाते, देव जाने."

माय यावर हसत नसे. ओट्यावर कोणाच्या तरी रेडिओवर तिने एकदा डोंगरात विमान पडल्याची बातमी ऐकली होती. ते विमान मुलाचे नव्हते, पण त्या दिवसापासून तिच्या मनातली विमाने पडणारीच झाली. पुढच्या रजेनंतर मुलगा निघाला तेव्हा ती त्याच्या हातावर दही घालायला आली नाही. घरातून लांब जाणाऱ्याच्या तळव्यावर चमचाभर दही घालतात, ते त्याने चाटायचे आणि मागे न पाहता निघायचे. आमच्याकडे हा निरोप देण्याचा साधा रिवाज आहे. माय गोठ्यात जाऊन बसली. मुलगा कोरड्या हाताने मोटारीत चढला. नोकरी सरकारी, तिने अडवल्याने ती थांबणार नव्हती. पण ते त्याला लागले होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा माझ्या खोलीतल्या फळीवर ठेवलेली विमाने पाहत उभा राहिला. लाकडाची विमाने करून रंगवणे हा माझा संध्याकाळचा छंद होता. गावात त्याला गुरुजीचा खेळ म्हणत.

"गुरुजी, माह्यावालं करता का एक?" तो म्हणाला. "मायनं इमान कधी जवळून पाह्यलंच नाही. वरून आवाज जाते तेवढंच. हातात घेतलं ना, भेव जाते."

हे मला पटले. आमच्या शिक्षणात याला वस्तुपाठ म्हणत. मुलांना जे कळत नाही ते त्यांच्या हातात द्यावे, फिरवून पाहू द्यावे, मग भीतीही जाते आणि अज्ञानही. मी अनेक वर्षे या तत्त्वावर शिकवीत होतो.

त्याचे विमान पॅकेट जातीचे होते. धड मध्ये, आणि पंखांतून मागे गेलेली दोन लांब शेपटे. बुलढाण्याच्या वाचनालयात एका जुन्या मासिकात त्याची पुढची, बाजूची आणि वरची अशी तिन्ही चित्रे होती. मी दोनदा मोटारीने जाऊन ती ट्रेसिंग कागदावर उतरवून आणली. मुलाला मोजमापे सांगायची परवानगी नव्हती. मी आराखडा पुढे धरायचा आणि त्याने मान डोलवायची किंवा हलवायची, एवढेच. शाळेत तोंडी परीक्षा मी घेतो. इथे ती माझी होत होती.

सहा फुटांना एक इंच हे प्रमाण धरले. लाकूड पांगाऱ्याचे, कारण ते हलके असते आणि चाकूला अडत नाही. काच कागदाने घासून घासून धड गुळगुळीत केले. लाकडाचे रेषे बुजवायला शाळेतल्या खडूंच्या तुकड्यांची पूड सरसात कालवून तीन वेळा लेप दिला. खिडक्यांना धुतलेल्या फोटोफिल्मचे तुकडे, पंख्यांना रॉकेलच्या डब्याचा पत्रा. मग चंदेरी रोगण. रंगाचा नियम असा की पहिला हात इतका पातळ द्यावा की दिलाच नाही असे वाटावे, आणि तो पुरता वाळल्याखेरीज दुसऱ्याकडे वळू नये. घाई करणाऱ्याच्या रंगाला सुरकुत्या पडतात. मी घाई केली नाही. पावसाळा अर्धा सरला तेव्हा विमान तीन चाकांवर टेबलावर उभे होते, नाक किंचितही वर नाही, खाली नाही.

मुलगा पोळ्याला रजेवर आला. मी विमान मायच्या हातात दिले.

तिने ते तान्ह्या लेकराला घ्यावे तसे दोन्ही हातांवर घेतले. बराच वेळ पाहिले.

"माहा पोरगा कुठी बसते यात?"

मी मागची बाजू दाखवली. धान्य टाकायला सोपे जावे म्हणून या विमानाची मागची दारे काढून ठेवतात. मीही ती बसवली नव्हती, कारण मुलाने तिथे मान हलवली होती. आतला पोकळ भाग दिसत होता. दाराशी मी एक माणूस कोरून उभा केला होता, इंचाहून थोडा कमी उंचीचा. तो प्रमाणात होता.

"याले दार नाही?"

"काम करताना काढतात, माय," मुलगा म्हणाला. "आमी पट्ट्यानं बांधून घेतो."

"आभायात? उघड्या दारात?"

ती त्या माणसाकडे पाहत राहिली. पट्टा मी केला नव्हता. इतक्या लहान प्रमाणात तो दिसत नाही.

तिने विमान भिंतीतल्या देवळीत ठेवले आणि ती गोठ्याकडे निघून गेली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप आणि हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. गोठ्यातले काम आटोपून माय वाटी घेऊन घरात आली आणि देवळीपाशी थांबली.

"याचा खांदा कोन्ता?" तिने मुलाला विचारले.

तो गोंधळला. "पंख धडाले जुळते तो, असं म्हन."

तिने दोन बोटे वाटीत बुडवली आणि चंदेरी रोगणावर, पंखांच्या मुळाशी, हळद आणि तूप चोळले. मी उंबऱ्यात उभा होतो. तीन पातळ हात, प्रत्येक हातामधला तो धीर, आणि आता वरून तुपाचा ओघळ खिडकीच्या फिल्मवर उतरत होता.

"गुरुजीचा जीव चालला," बाबा म्हणाले. "पानी द्या बे त्यायले."

पोळ्याच्या दिवशी विमान मातीच्या बैलांच्या रांगेत पाटावर बसले. त्याला कुंकू लागले, झेंडूचे फूल लागले. पुरणपोळीचा घास कुठे लावावा यावर वाद झाला.

"याले तोंड कुठी हाय?" बाबांनी विचारले. "मांगून तं सारं उघडंच हाय."

"तुमाले काय करा लागते तोंडाशी? तुमचं बंद ठेवा," माय म्हणाली, आणि त्या रजेत ती पहिल्यांदा हसली. मुलाने माझ्याकडे पाहिले. उद्या दही मिळणार, असे त्या पाहण्यात होते.

दुसरा दिवस करीचा. दुपारच्या मोटारीने मुलगा मेहकरला जाऊन पुढे निघणार होता. सकाळी मी देवळीकडे पाहिले तर ती रिकामी.

"माय नाल्यावर गेली, बैल सोडाले," तो पेटी भरता भरता म्हणाला.

"आणि विमान?"

"तेही नेलं. पुजलेलं घरात कोंडून ठेवत नाहीत म्हने, त्याची पाठवनी करा लागते."

माझ्या आधी त्यालाच ते उमगले असावे. गेल्या खेपेला निरोप टाळणारी माय या वेळी पाठवणी करायला आपण होऊन निघाली होती. मला मात्र तेव्हा फक्त पांगारा, खडूची पूड आणि पाणी एवढेच दिसले. मी अनवाणीच निघालो. मागून तोही आला.

नाल्याला पावसाचे गढूळ पाणी होते. काठावर आळीतल्या बायका होत्या. मायने मातीचे बैल एकेक करून पाण्यात सोडले. ते टेकले, विरघळले, पाणी जरा लाल झाले. मग तिने पदराने विमान पुसले, कपाळाला लावले आणि पाण्यावर ठेवले.

मी हाक मारली. उशीर झाला होता.

क्षणभर ते पंखांवर तरंगले. नंतर नाक खाली गेले. नाकात शिसे होते, शेपटीत हलके लाकूड. दुसरे काही होणे शक्य नव्हते. धड उभे झाले, दोन्ही शेपटे आभाळाकडे वळली आणि विमान तसेच, तोंड पाण्यात खुपसून, हळूहळू फिरत प्रवाहाला लागले. कुंकू लागलेले नाक दिसेनासे झाले.

माय जिथे होती तिथे चिखलात बसली. तिचा हात पाण्यावर ठेवल्यासारखा पुढेच राहिला होता.

मी मुलाकडे पाहिले. तो काही तरी बोलेल, चेष्टा करेल, असे वाटले होते. तो पांढरा पडला होता. असे खाली गेलेले नाक त्याने याआधी कुठे पाहिले होते का, हे मी त्याला कधी विचारले नाही.

मी बोलू लागलो. आजही आठवले की अंगावर काटा येतो: मी काठावर उभा राहून गुरुत्वमध्य समजावून सांगत होतो. भार पुढे आहे, माय, म्हणून नाक खाली जाते, हा नियम आहे, यात अशुभ काही नाही. तिच्या कानावर त्यातले काहीच पडत नव्हते. ती फक्त ती दोन शेपटे दूर जाताना पाहत होती.

मग मी धोतरासकट पाण्यात उतरलो. पाणी कमरेला लागले. विमान एका बाभळीच्या फांदीला अडले होते. ते घेऊन मी तिच्यापुढे बसलो, खिशातला चाकू काढला आणि नाकाखालची खुंटी उपटली. शिशाचे मणी माझ्या तळव्यावर पडले.

"हे पाहा," मी म्हणालो. "हे आत होते."

तिने मणी हातात घेतले. त्यांचे वजन तिला अनपेक्षित असावे. हात किंचित खाली गेला.

"हे कोनं घातलं?"

"मी."

"काऊन?"

"टेबलावर नीट उभे राहावे म्हणून."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही, मी काय बोललो ते तिला खरेच समजले नव्हते.

"गुरुजी, उभं राहाले म्हनून इतकं वज्जन नाकात घालता?"

खुंटी पुन्हा बसवून मी विमान पाण्यावर ठेवले आणि हात काढला. ते आडवे राहिले. शेपटे जराशी खाली, नाक वर, आणि दोन्ही पंख पाण्याला टेकलेले. काठाशी पाणी संथ होते, त्याच्या लहान लाटांनी ते हलत होते, पण बुडत नव्हते. मुलगा गुडघ्यावर बसला आणि त्याने ते बोटाने ढकलले. ते पुढे गेले आणि सरळ राहिले. त्याने आणखी एकदा ढकलले. तो स्वतःसाठीही पाहत होता, असे मला वाटले.

माय उठली. तिने मूठ पाण्यावर धरली आणि उघडली. शिसे डुबकन गेले.

"पाठवनी झाली," ती म्हणाली. "हे आता घरी न्या."

घरी परतल्यावर बाबांनी चिखलाने माखलेल्या आम्हा तिघांना पाहिले. "इमान धुवाले गेल्ते का आंघोयीले?"

दुपारी मुलगा पेटी घेऊन दारात आला. माय आतून वाटी घेऊन आली. तिने इतके दही घातले की ते त्याच्या तळव्यावरून मनगटावर ओघळले. त्याने ते चाटले, मनगटावरचेही. मग तो गेला. मागे पाहायचे नसते, म्हणून त्याने पाहिले नाही; माय मात्र मोटारीचा धुरळा बसेपर्यंत दारात होती.

विमान पुन्हा देवळीत आले. रोगणाला पाण्याने फोड आले होते, पंखांच्या मुळाशी हळदीचा पिवळा डाग राहिला होता आणि शिशाशिवाय ते अर्थातच उलार झाले होते. शेपटीवर बसलेले, पुढचे चाक अधांतरी, नाक छताकडे. मी म्हणालो की नवे शिसे आणून दुरुस्त करून देतो, अर्ध्या तासाचे काम आहे.

"राहू द्या," माय म्हणाली. "वर पाहून राह्यलं ना, पाहू द्या."

पुढे मी जानेफळात होतो तितकी वर्षे ते तसेच राहिले. माय घरात नसताना मी कधीकधी देवळीपाशी जाई आणि एका बोटाने त्याचे नाक दाबून पुढचे चाक खाली टेकवी. बोट उचलले की ते पुन्हा वर जाई.