'अ बिट' म्हणजे किती

शिराळ्यातून गाडी सुटली तेव्हा आई रडली नाही. खिडकीशी वाकून एवढंच म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आमची काळजी करू नगंस." दादा विमानतळापर्यंत सोडायला सोबत होता. सांगलीत नर्सिंग झालेलं, इंग्रजीची परीक्षा पहिल्याच झटक्यात पास. इंग्लंडात, लीड्सच्या हॉस्पिटलात आपलं काही अडणार नाही, याची मला खात्री होती.

अडलं. घरी हे कधी सांगितलं नाही, पण माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना ठाऊक असेल. शब्द सगळे ओळखीचे, वजन मात्र वेगळं. वॉर्डच्या मुख्य सिस्टर माझ्या कामाला 'क्वाइट गुड' म्हणाल्या, तेव्हा मी खूष होऊन दादाला फोन केला होता. त्याचा अर्थ 'ठीक आहे, अजून सुधार', हे फार उशिरा कळलं. मग मी शब्द ऐकताना माणसाचा चेहराही बघायला लागले.

एक आजोबा होते, बसड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. पोटाचं ऑपरेशन कालच झालेलं. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, "अ बिट अनकम्फर्टेबल, लव्ह." 'लव्ह' म्हणजे तिकडचं 'बाळ'. पुस्तकात 'अ बिट' म्हणजे थोडं. पण कपाळावर घाम, आणि हातानं पलंगाची कड घट्ट धरलेली. मला आमच्याकडची माणसं आठवली. ऊस तोडताना कोयत्यानं बोट कापलं तरी 'जरा लागलंय' म्हणणारी.

डॉक्टर फोनवर म्हणाले, पेशंट स्वतःच थोडं म्हणतोय ना, येतो नंतर.

"ते थोडं म्हणतायत," मी म्हणाले. "मी म्हणतेय, आत्ता या."

ते आले. पोटात रक्तस्राव होत होता. लगेच पुन्हा ऑपरेशनला नेलं, आणि आजोबा वाचले. घरी जाताना माझ्याकडं बघून म्हणाले, "नॉट बॅड ॲट ऑल." यापेक्षा मोठी शाबासकी तिथं मिळत नाही, हे तोवर मला कळलं होतं.

आता नव्या नर्सेसना मीच शिकवते. सिस्टर 'यू माइट वॉन्ट टू' म्हणाल्या तर तो सल्ला नाही, हुकूम आहे, लगेच उठायचं.

मध्यंतरी आई फोनवर म्हणाली, गुडघं जरा धरल्यात. मी दादाला सांगून तिला दुसऱ्याच दिवशी सांगलीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. "एवढ्यापायी सांगली कशाला गं?" म्हणून ती चिडली. एक्स-रे बघून डॉक्टरच तिला रागावले, इतके दिवस कशी चाललात म्हणून. आता औषध चालू आहे, चालणंही सुधारलंय.

घर कुठं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे. आता वाटतं, ज्यांचं 'थोडं' किती मोठं आहे ते न सांगता कळतं, ती आपली माणसं. आणि ती आहेत तिथं घर. माझी दोन झालीत.