तिसऱ्या रांगेतले निळे काका

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. यात मूर्ख दुसरं कोणी नाही, मीच आहे.

परळला आमचं विम्याचं ऑफिस. मी तिथे डेप्युटी मॅनेजर. माझ्या हाताखाली प्रणाली, घोडपदेवची मुलगी. कामाला चोख, आणि दिवसातून पन्नास वेळा "सर, सर".

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून मी लालबागच्या एका ढोल पथकात नाव घातलं. पहिल्या संध्याकाळी मैदानावर जातो तर काय, समोर स्टुलावर शिट्टी घेऊन प्रणाली. पथकाची प्रमुख. म्हटलं, आता येईल आणि "सर, तुम्ही इथे?" म्हणेल. ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तिसऱ्या रांगेतले निळे काका, हात उशिरा पडतोय."

निळे काका. निळ्या टी-शर्टातला मी. ऑफिसात माझी सही झाल्याशिवाय क्लेम पुढे सरकत नाही, माहितीये ना?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मात्र "गुड मॉर्निंग, सर". जसं काही घडलंच नाही. माझं डोकंच फिरलं. जुन्या क्लेमच्या फायलींचा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला.

"सर, सहाला प्रॅक्टिस असते माझी."

"काम आधी."

ती सातला धापा टाकत मैदानावर आली आणि तिने मला चौथ्या रांगेत पाठवलं. मी तिला शनिवारी कामावर बोलावलं. तिने मला पाचव्या रांगेत टाकलं. सहावी रांग नव्हतीच, माझ्यामागे नुसत्या स्कूटर लावलेल्या. मला जेवण गोड लागेना, झोप लागेना. ही पोरगी समजते काय स्वतःला?

आठवड्याभराने शेजारी वाजवणारा दिनेश म्हणाला, "काका, प्रणाली पथक सोडतेय."

"का रे?"

"ऑफिसात कोणी खडूस साहेब आहे. उगाच मागे लागलाय तिच्या. काय एकेक माणसं असतात ना?"

"असतात," मी म्हणालो आणि ढोलाची दोरी आवळत बसलो.

मला तिला नमवायचं होतं, घालवायचं नव्हतं. सकाळी तिला केबिनमध्ये बोलावलं. "प्रणाली, मैदानावर तू माझा पाणउतारा करतेस, म्हणून मी इथे तुझ्यावर फायली लादल्या. चुकलं माझं. पथक सोडू नकोस."

"कुठलं मैदान, सर?"

घाम येतो म्हणून मैदानावर मी चष्मा काढून डोक्याला रुमाल बांधायचो. तिथेच तसा बांधून दाखवला.

"अय्या, ते काका तुम्ही?" ती हसू दाबत म्हणाली. "शप्पथ सर, ओळखलंच नाही. शंभर माणसं असतात हो तिथे."

म्हणजे आठवडाभर भांडणात मी एकटाच होतो. तिला पत्ताच नव्हता.

फायली मी परत घेतल्या. ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"सर, आता ओळख निघालीच आहे, तर एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"ढोल ठेवून ध्वज घ्याल का? त्याला ताल लागत नाही."