दावीद राजाची गोष्ट

तलमडुगूकडचा खुशाल उपदेशक चर्चच्या प्रार्थनेत वाघासारखा बोलायचा. तहसीलदाराच्या जेवणासाठी गावच्या पटेल उद्धवरावांनी गरीब मनकर्णाची एकुलती बकरी न विचारता कापली, तेव्हा ती त्याच्याकडंच रडत आली. त्यानं शब्द दिला, "नाताळाले बोलतो त्याच्या तोंडावर."

नाताळाला पटेल पुढंच बसले. खुशालनं बायबलातली गोष्ट लावली: कळपवाल्या श्रीमंतानं गरिबाची एकुलती मेंढी पाहुण्यासाठी कापली, अन् ते नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला सांगितलं.

पटेल तापले. "कोन व्हय थो हरामखोर? कोंडा त्याले!"

दुसऱ्याची बायको हिरावणारा दावीद राजाही असाच तापला, तेव्हा नाथान त्याला म्हणाला होता, 'तो माणूस तूच.' खुशालनं बायबल मिटलं.

"काऊन थांबले जी? सांगा न पुढचं," मागून मनकर्णा म्हणाली.

"तो... लय दूरचा होता, पटेल. आपल्याकडं असे नाईत."

पटेल खूश झाले. गावात एक तरी खरं बोलणारा पंच पाहिजे म्हणून त्यांनी खुशाललाच पंच केलं.