माझी फी, धाकटीचं घर

मी नागपूरच्या सरकारी कॉलेजात इंटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा राज्यांची फेररचना झाली. माझं गाव एका राज्यात राहिलं आणि कॉलेज दुसऱ्या राज्यात गेलं.

गाव बऱ्हाणपूर. बाबा सरकारी मराठी शाळेत मास्तर होते आणि आम्ही सिंधीपुऱ्यात राहत होतो. तोवर नागपूर आमची राजधानी होती, त्यामुळे मॅट्रिकला चांगले गुण मिळवलेल्या मास्तराच्या मुलीला तिथे फी माफ होई आणि हॉस्टेलच्या खर्चासाठी सरकारकडून दरमहा विद्यावेतन मिळे. हे नसतं तर माझ्या शिक्षणाचा विचार आमच्या घरात कुणी केलाच नसता. मला वनस्पतिशास्त्र घ्यायचं होतं. त्याचं पुढे काय करतात, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

कॉलेजातल्या नागपुरी मुली राजधानी गेली म्हणून हळहळत होत्या. माझं काय गेलं, ते मला डिसेंबरात कळलं. विद्यावेतन आलं नाही म्हणून मी ऑफिसात विचारायला गेले. हेडक्लार्क सज्जन माणूस होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "बाई, तू आता आमच्याकडची राहिली नाहीस. तुझं विद्यावेतन तुझं सरकार देईल. आणि पुढच्या सत्रापासून फी बाहेरच्या राज्यातल्या मुलींची लागेल."

"पण मी तर तीच आहे."

"तू तीच आहेस गं," तो म्हणाला, "नकाशा बदलला."

मी घरी कळवलं. बाबा रजा टाकून खांडव्याला, जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. तिथे त्यांना कुणी उलट बोललं नाही. मुलगी आपल्याच राज्याची आहे, तिला मदत मिळायला हरकत नाही, पण ती शिकत असेल राज्याच्या कॉलेजात तरच, असं सांगितलं. जबलपूरला घाला, इंदूरला घाला. बाबांनी विचारलं, आत्ता घालता येईल का? तर सत्र निम्मं संपलेलं, विद्यापीठ वेगळं, अभ्यासक्रम वेगळा. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि वर्ष वाया गेलेल्या मुलीला विद्यावेतन मिळत नाही.

नाताळच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर हिंदीच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन बसलेले. नव्या राज्यात नोकरी टिकवायची तर ती परीक्षा द्या, असं मास्तरांना सांगण्यात आलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना व्याकरण शिकवलेला माणूस ओठांतल्या ओठांत हिंदी शब्दांची लिंगं पाठ करत होता. मला पाहून त्यांनी पुस्तक मिटलं.

"ह्या वर्षापुरतं फंडातून काढतो," ते म्हणाले. "परीक्षा दे. पुढचं पुढे."

"अन् पुढे काय?" आई आतून म्हणाली. "पुढचं वर्ष कोण भरंल? फी एकवेळ भरता येईन, पण हॉस्टेल? अन् ही धाकटी मॅट्रिकला बसू ऱ्हायली, तिचं काय?"

धाकटी माझी बहीण, माझ्याहून दीड वर्षाने लहान. ती तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

मार्ग सुचवला तो नागपूरच्या मावशीने. मावशीच्या दोन खोल्यांत तिचीच सहा मुलं होती, तिथे मला राहता येण्यासारखं नव्हतं. पण तिच्या जावेचा मुलगा महाल भागात स्वतःच्या घरात आईबरोबर राहत होता. हायस्कुलात शिक्षक, स्वभावाने शांत. मावशीने लिहिलं, मुलीचं इथेच लग्न करून द्या. नवरा नागपूरचा म्हणजे तीही नागपूरची, म्हणजे फी माफ. घर मिळालं, म्हणजे हॉस्टेल नको. त्यांची शिकवायला ना नाही.

आईला हे देवानेच धाडल्यासारखं वाटलं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं. मग मला नदीवर घेऊन गेले. तापीला पाणी कमी होतं, धोबी दगडांवर कपडे आपटत होते. "तुला नको असेल तर नको म्हण," ते म्हणाले. मला नको होतं. पण नको म्हटलं तर मार्चनंतर कॉलेजही नाही, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "आधी भेटते."

भेट मावशीच्या घरी झाली. पोहे झाले, चहा झाला. मोठी माणसं मुद्दाम आतल्या खोलीत गेली तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला लग्न करायचंय का फी भरायचीय?"

मला राग यायला हवा होता. मी हसले. मग रडू आलं.

"तसं असेल तर," तो म्हणाला, "आधी तुमच्या ऑफिसात विचारून येऊ. ह्या लोकांनी कुणाला विचारलंय असं मला वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मावशीच्या मोठ्या मुलीला सोबत घेऊन कॉलेजात गेलो. व्हरांड्यातल्या बाकावर बराच वेळ बसलो. येणारीजाणारी पोरं बघत होती. हेडक्लार्कने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्याकडे वळून विचारलं, "पगार किती?" त्याने सांगितला. क्लार्कने मान हलवली. "बाहेरच्या राज्याची फी लागणार नाही, हे खरं. पण माफी मिळायची नाही. लग्नानंतर पालक तुम्ही. तुमचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातं. मास्तरांचं बसत होतं." मग जरा ओशाळून म्हणाला, "दोघं बिननोकरीचे असता तर जमलं असतं."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मग माझा तरी काय उपयोग?" हे तो थट्टेने म्हणाला, पण चेहरा उतरला होता. मी त्याला सांगितलं की माझा नकार आहे, आणि तो तुमच्यामुळे नाही. "कळलं मला," तो म्हणाला. त्यानेच घरी सांगितलं की पत्रिका जुळत नाही. मला कुणी दोष दिला नाही.

इथे हे संपेल असं मला वाटलं होतं. पण त्याच्या आईला आमचं घर आवडलं होतं. दोन महिन्यांनी तिने धाकटीसाठी विचारणा केली. देणंघेणं काही नको, आणि मोठी आमच्याकडे राहून शिकेल, घरचीच आहे, असंही कळवलं.

मी तेव्हा नागपुरात परीक्षेच्या गडबडीत होते. मला कळलं ते ठरल्यावर. धाकटीने मॅट्रिकचे पेपर दिले आणि वैशाखात तिचं लग्न झालं. मांडवात ती खूप गोड दिसत होती आणि सारखी हसत होती. मी तिला एकटीला गाठून विचारलं, "तुझ्या मनाने ना?" ती म्हणाली, "हो गं. चांगला आहे तो. तूच तर सांगत होतीस."

मी सांगितलं होतं, हे खरं होतं. पत्रिकेमागचं खरं कारणही फक्त तिलाच सांगितलं होतं.

जूनमध्ये भुसावळला गाडी बदलून मी पुन्हा नागपूरला गेले, ती तिच्या घरी. फी बाबा भरत होते, बाहेरच्या राज्याची. शिकवण्या घेऊन, शनिवार-रविवार शाहपूरपर्यंत जाऊन. राहणंखाणं धाकटीकडे. मॅट्रिकचा निकाल वर्तमानपत्रात आला त्या सकाळी मी कॉलेजला निघाले होते. मेहुण्यांनी अंक आणला. धाकटी पहिल्या वर्गात पास झाली होती. माझ्याहून वरच्या नंबरात. सासूने साखर वाटली. धाकटीने नंबर पाहिला, अंक घडी करून पलंगावर ठेवला आणि माझा डबा भरायला आत गेली.

मेहुणे चांगले होते. ते म्हणत, तूही नाव घाल. पण एका पगारात दोन कॉलेजं होणार नव्हती, आणि श्रावण लागेस्तोवर तिला दिवस गेले. ते वर्ष आम्ही दोघींनी एकाच घरात काढलं. ती सकाळी उठून माझ्यासाठी पोळ्या करी. मी करते म्हटलं तर करू देत नसे. संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पुस्तक घेऊन बसायची, तिला सोबत म्हणून. एकदा वहीत पानाच्या छेदाची आकृती काढलेली होती, आणि मी तिला त्यातल्या नळ्या दाखवायला गेले. तिने भाजी ढवळता ढवळता पाहिलं. फार बारकाईने पाहिलं. मग म्हणाली, "ताई, तू शिक. पण माझ्यासमोर वाचत नको बसत जाऊ."

त्यानंतर मी व्हरांड्यात बसून वाचू लागले. आमचं बोलणं तुटलं नाही. भाजी काय करायची, बाळंतपणाला कुठे जायचं, बाबांची हिंदीची परीक्षा झाली का, सगळं बोलत होतो. बाबा ती पास झाले आणि त्यांना खकनारच्या शाळेत धाडलं गेलं. तिथे त्यांनी उरलेली नोकरी हिंदीत केली. ते घरी आले की पाढेसुद्धा हिंदीत पुटपुटायचे आणि मध्येच थांबायचे.

इंटरनंतर मी इंदूरच्या कॉलेजात गेले. आता मी राज्याच्या आतली होते, त्यामुळे मदत पुन्हा मंजूर झाली. ती नेहमी सत्र संपताना यायची, पण यायची. मी बी. एस्सी. झाले आणि बऱ्हाणपुरातच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. धाकटीला तोवर दोन मुलगे झाले होते. पहिल्या पगारानंतर मी नागपूरला गेले आणि तिला म्हटलं, आता तू बाहेरून बी. ए.ला बस, पुस्तकं, फी सगळं माझ्याकडे. तिने मुलाचं नाक पुसलं आणि म्हणाली, "मला सायन्स घ्यायचं होतं. ते बाहेरून होत नाही ना?"

होत नव्हतं.

आई गेली त्या वर्षी धाकटी काही दिवस माहेरी राहिली. एका दुपारी आम्ही दोघी आईची लुगडी घड्या करून ठेवत होतो. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं. "तेव्हा तुला कुणी नीट विचारलं असतं तर?"

"विचारलं होतं की," ती म्हणाली. "बाबांनी विचारलं. मलाही नदीवर घेऊन गेले होते. नको असेल तर नको म्हण, म्हणाले."

"मग?"

"मग काय? तू आधीच नको म्हणून आली होतीस. दोघींनी म्हणायचं कसं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने पुढचं लुगडं उचललं, एक टोक माझ्याकडे दिलं, आणि आम्ही ते ताणून धरलं.