एका सेलवरचा दिवा

तीस वर्षांत रेडिओ दुरुस्त करताना आपला हात कधी चुकला नाही, असं रेडिओवाला दुकानात येईल त्याला ऐकवायचा. त्याची बायको नर्स. घरोघरी जाऊन बाळंतपणं करायची. गेल्या खेपेला टाके घालताना तिने बॅटरी धरायला बाळंतिणीच्या सासूला उभं केलं. सासूबाईंनी रक्त पाहिलं, तोंड फिरवलं आणि उजेड गेला छताला. एक टाका उसवून पुन्हा घालावा लागला.

"असं अंदाजपंचे काम मला जमायचं नाही," घरी आल्यावर ती म्हणाली. "परत असं झालं तर मी नोकरी सोडणार."

ती बोलेल ते करणारी बाई. रेडिओवाल्याची पाचावर धारण बसली. तो दिवा करायला बसला. दिवा हवा कपाळाला बांधायचा, म्हणजे हलका, म्हणजे एकाच सेलचा. पण पांढऱ्या एलईडीला लागतात तीन व्होल्ट आणि सेलकडे असतात दीड. त्याने जुन्या सीएफएल दिव्यातली फेराइटची, म्हणजे लोहभस्म भाजून केलेली, कडी काढली, तिच्यावर दोन तारा गुंडाळल्या, करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर जोडला. आता करंट सेकंदाला हजारो वेळा तुटणार, दर वेळी गुंडाळी जोराचा, तीन व्होल्टांचा झटका देणार आणि डोळ्याला सलग उजेड दिसणार. वीज नुसती उष्णता होऊन वायाही जायची नाही.

दिसणार म्हणे. दिवा आपला ढिम्म. त्याने तीन ट्रान्झिस्टर बदलले, विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चौथा लावताना दिसलं, या शहाण्याने दोन्ही तारांची सुरुवातीचीच टोकं एकत्र जोडली होती. एकीची सुरुवात दुसरीच्या शेवटाला हवी. त्याने मुकाट्याने टोकं बदलली, तर दिवा लख्ख. घड्याळाने टाकून दिलेल्या सेलवरसुद्धा लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला बोलावणं आलं. दिवा पिशवीत टाकून ती गेली. दुपार टळली तरी तिचा पत्ता नाही. ऐन वेळी दिवा विझला तर? त्याने एकच रेडिओ चारदा उघडला आणि चारदा बंद केला.

अखेर ती आली आणि दुकानात त्याच्या मागच्या खुर्चीत टेकली.

"मुलगी झाली. सहा टाके पडले."

"आणि दिवा?" त्याने वर न बघता विचारलं.

"दिव्याचं काय? टाके नीट दिसत होते, घातले. दिव्याची आठवणसुद्धा झाली नाही हो मला."

त्याने मान वळवली. तिच्या कपाळावर दिवा अजून चालूच होता. उन्हात ती तशीच चालत आली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. पुढे होऊन त्याने तो हळूच बंद केला.